मुहूर्ताचा सर्व्हर

देव अक्कल वाटत होता तेव्हा आमचे जयसिंग सर बहुतेक हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. चाकणला त्यांच्या हाताखाली आयटी सांभाळलेल्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल.

सयाजीशेठच्या कंपनीचा सर्व्हर एका भाड्याच्या क्लाउडवर होता. दुसरा क्लाउड स्वस्त पडतो म्हणून तिकडं हलवायचा ठरला. सरांनी त्यासाठी एक टूल आणलं आणि असं मिरवलं की जणू ते यांनीच बनवलंय.

मी म्हटलं, "सर, टूल सर्व्हरची हुबेहूब कॉपी करेल, पण नव्या जागी पत्ता बदलणार. पॅकिंग लाइनवरच्या लेबलांच्या प्रिंटरमध्ये, वजनकाट्यांमध्ये आपण जुना पत्ता हातानं टाकलाय. तो टूलला दिसतसुद्धा नाही. आधी एकदा चालवून बघू."

"मुहूर्ताआधी? वेड लागलंय का मिनल? शेठनी गुरुजींना विचारून वेळ काढलीय. आधी चालू केला तर अपशकुन!"

घ्या! चाचणी म्हणजे अपशकुन. आम्ही बौद्ध, माझं लग्न सगळ्यांना सुट्टी म्हणून रविवारी लागलं आणि झकास चाललंय. पण सांगणार कुणाला? पालथ्या घड्यावर पाणी. शिवाय माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं, आणि हे काम झालं की तुला कायम करतो, असं सर म्हणाले होते. मला ती नोकरी हवी होती.

मुहूर्तावर लॅपटॉपला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, स्क्रीनवर आलं: शंभर टक्के यशस्वी. शेठनी टाळ्या वाजवल्या. लाइनवर लेबलं छापली जात होती. छापली जाणारच की! प्रिंटर अजून जुन्याच सर्व्हरशी बोलत होते, नव्याकडं कुणी फिरकलंही नव्हतं. मी सरांना तसं दाखवलं.

"निगेटिव्ह बोलायची खोडच आहे तुला," म्हणाले. मेल केला, तर उत्तरच नाही.

महिनाअखेरीस सयाजीशेठनी विचारलं, "सगळं टूलनंच केलं, मग हिला कायम कशाला करायचं?"

जयसिंग सर माझ्यासमोर मान डोलावून म्हणाले, "बरोबर आहे, शेठ."

राग नाही आला मला. शिसारी आली.

शेवटच्या दिवशी मी सामान भरत होते, तेव्हा सर आले. "तो जुना सर्व्हर बंद करून जा. उगाच भाडं चढतंय."

"मी नाही करणार. अख्खी लाइन त्याच्यावर चाललीय, सर. बंद केलात की काम थांबेल."

"जळतेस तू त्या टूलवर," सर हसले, आणि स्वतःच बंद केला.

टूलवर जळते म्हणे! हसावं की रडावं तेच कळेना. पिशवी उचलली आणि निघाले.

गेटवर ओळखपत्र जमा करतेय तोच फोन वाजला.

"मिनल, एकही लेबल निघत नाहीये गं! लाइन थांबली, शेठ इथं येऊन उभे राहिलेत. तो जुना परत चालू कसा करायचा?"

"जिला काढलंत तिला नका विचारू, सर," मी म्हटलं. "ज्याला ठेवलंत त्याला विचारा."