दुसरं छिद्र

शिवगंगाने सूक्ष्मदर्शकाचं चाक किंचित मागे फिरवलं, तेव्हा काचतंतूचं टोक स्पष्ट झालं. मधोमध गाभा, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक गोल. तिने डोळा पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

उजव्या गोलाभोवती धुरकट कडं होतं. डाव्याभोवती नव्हतं.

तंतूतून जाणाऱ्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा वाटेत बदलू नये, एवढ्यासाठी तिचा सारा खटाटोप होता. गाभ्याच्या दोन बाजूंना वेगळ्या काचेच्या दोन काड्या बसवायच्या, टोकाला गोल दिसतात त्या याच, म्हणजे त्या त्याला दाबून धरतात. काड्या जितक्या जवळ, तितकी पकड घट्ट. पण फार जवळ आल्या तर प्रकाशच खातात. हैदराबादच्या कारखान्यात ओढून आलेल्या या तंतूत प्रकाश पार मंदावला होता. तिथून तिच्या वरिष्ठांनी, पंचाक्षरी सरांनी, निदानही करून टाकलं होतं: अंतर चुकलं, काड्या लांब न्या. लांब नेल्या की दिशा सुटली, मग हा तंतू साध्या तंतूसारखाच. ज्यात छिद्रं पाडून, काड्या घालून मग तंतू ओढतात, तो मूळ काचेचा दांडा आता एकच शिल्लक होता. त्यात छिद्रं कुठे पाडायची, ते आज सरांचा ट्रंक कॉल आला की सांगायचं होतं.

अंतर चुकलं असतं, तर दोन्हीकडे सारखंच दिसायला हवं होतं.

प्रयोगशाळेच्या नळाला फडकं बांधून ठेवलं होतं. लातूर जिल्हा झाला, कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या. पाणी मात्र टँकरचंच. साखराबाई फरशी कोरडीच झाडत होत्या. काड्या घालण्याआधी छिद्रं धुवायचं काम त्यांच्याकडे असे.

"मावशी, मागच्या दांड्याची दोन्ही छिद्रं नव्या डिस्टिल्ड पाण्याने धुतली होती ना?"

"पहिलं नव्यानं. त्यातून निघालं ते भांड्यात धरलं, त्यानंच दुसरं."

"वापरलेलं ओतून द्या म्हणाले होते मी."

"ओतून?" साखराबाई हसल्या. "आमच्या गल्लीत असलं पाणी मिळालं तर लोक देवापुढं ठेवतेत, ताई."

"पण मी सांगितलं होतं!"

"हाव, सांगितलं होतं." त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. "अन् मग तुमच्या लेकराची बाटली कशानं भरू? त्या डिस्टिल्डच्या यंत्रातून दिवसाला पडतंय किती?"

शिवगंगा स्टुलावर बसली. टँकरच्या पाण्याने बाळाला जुलाब लागले, तेव्हा तिनेच सांगितलं होतं, यातलं बाटलीभर बाजूला ठेवत जा, दुधाच्या पावडरीला. रोज बाटली भरलेली मिळत गेली. ती पिशवीत घालण्याआधी शिवगंगा बूच उघडून हुंगायची, उजेडात धरून बघायची. पाणी उरतं कसं, हे मात्र तिने कधी विचारलं नव्हतं.

"जुलाब थांबले का न्हाई?"

"थांबले."

"मग?"

फोन वाजला. लाइनवर खरखर होती.

"बोल शिवगंगा, किती लांब न्यायच्या?"

"लांब नको, सर. अंतर तेच राहू द्या. खोट धुण्यात आहे. पाडताना निघालेली काचेची पूड एका छिद्रात चिकटून राहिली."

"त्या बाईंनी धुतलं ना? त्यांना आधी तिथून हलव."

साखराबाई दारातच उभ्या होत्या. शिवगंगाने त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"त्यांचं काही नाही, सर. धुवायचं पाणी मी घरी नेत होते."



"आणि आता?"

"आता सगळं दांड्याला."

"बरं. पाड छिद्रं."

तिने फोन ठेवला. साखराबाई आत आल्या.

"अन् लेकराला?"

"टँकरचं देईन. चांगलं उकळून, गाळून."

"द्या. आमचेबी त्याच्यावरच वाढले." साखराबाईंनी झाडू उचलला, पण फरशीला लावला नाही. "सगळे न्हाई वाढले."

यंत्राखालचं भांडं भरत आलं होतं. शिवगंगाने ते दोन्ही हातांनी उचललं, आणि तशीच उभी राहिली.