मिठाचा अंदाज

तात्यांनी आयुष्यात मीठ कधी तोललं नाही. मळलेल्या कणकेची चिमूट जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "पुरे" किंवा "अजून थोडं." त्या जिभेच्या भरवशावर अख्ख्या गल्लीची न्याहारी चालायची. नवऱ्यावर रुसून जेवण टाकणाऱ्या बायकाही तात्यांचा पाव टाकत नसत.

मागच्या तापानंतर मात्र जिभेची चवच गेली. मीठ काय नि माती काय, सगळं सारखंच. हे फक्त बायकोला ठाऊक होतं. ती काहीतरी निमित्त काढून भट्टीवर यायची, कणीक चाखायची आणि तात्यांना हळूच मानेनं खूण करायची. काल ती आजारी बहिणीकडे गेली.

"तात्या, मीठ पुरे का, सांगा ना. हात भरलेत माझे," आज कणीक मळणारी मुलगी म्हणाली.

चिमूट जिभेवर विरघळली. तात्यांना काहीच कळेना. गप्प राहिलो तर हिला संशय येईल, या धास्तीनं ते बोलून गेले, "टाक अजून मूठभर."

सकाळी आठ वाजता गल्लीतला शिंपी अर्धा पाव हातात धरून परत आला. "काय तात्या, समुद्र आटवून आणलात की काय? बायको म्हणते, हा पाव नव्हे, लोणचं आहे!"

मुलीनं एक तुकडा तोंडात टाकला आणि थुंकला. शिंपी गेल्यावर तिनं दोन तुकडे बशीत आणले. "एक कालचा, एक आजचा. कालचा कोणता?"

तात्यांनी दोन्ही नीट चावले आणि ठामपणे उजवीकडे बोट दाखवलं.

"दोन्ही आजचेच आहेत, तात्या."

भट्टीत लाकूड तडतडलं. मुलीनं बशी बाजूला सारली.

"आईला माहीत आहे?"

त्यांनी मान डोलावली.

"म्हणजे परकी मीच," ती म्हणाली आणि कणीक मळायची काथवट घासायला बसली. जरुरीपेक्षा जोरात घासत होती.

तेवढ्यात शाळेच्या स्वयंपाकघरातली बाई पिशवी घेऊन आली. "तात्या, नेहमीचे तीस."

"आज पाव नाही."

"अहो, फळीवर दिसतायत की!"

तात्यांनी मुलीकडे पाहिलं. तिनं वर पाहिलं नाही. "माझी चव गेलीय, बाई. खारट झालाय."

बाई खळखळून हसली. "काहीतरीच! तुमची चव जाईल? माझी पोरं तुमच्या पावावर वाढलीत." तिनं पिशवीचं तोंड उघडून समोर धरलं.

काथवट घासायचा आवाज थांबला. तात्यांना तेच वाक्य पुन्हा बोलावं लागलं, आणि या वेळी ते जास्त जड गेलं.