टाकीखालचा सांधा

मामंजींची मोटारसायकल आमच्या घरात माणसासारखी राहिली. तिला ऊन लागू नये म्हणून सासूबाई पुढच्या खोलीचा पडदा ओढून घ्यायच्या, आणि त्याच उन्हात आम्हाला खुशाल कामाला पाठवायच्या. पुढची खोली म्हणजे मामंजींचं वर्कशॉप. मामंजी गेल्यावर ते धाकट्या भाऊजींकडे आलं, पण मोटारसायकल जिथे होती तिथेच, जुन्या चादरीखाली उभी राहिली.

यंदा सासूबाईंनी हट्टच धरला. “डोळ्यांनी मला आता अंधुक दिसतं. कान तेवढे शाबूत आहेत. ते जायच्या आत तिचा आवाज ऐकवा.”

भाऊजींनी चादर काढली. इंजिन खोलून साफ करताना त्याने थोडे नखरे केले, पण ऐकलं. टाकीने मात्र दगा दिला. वरून पेट्रोल ओततोय तोवर ते खालून जमिनीवर टपटपायला लागलं.

“आई, ही टाकी नाही, चाळण आहे,” भाऊजी म्हणाले.

तशी टाकी कुठेच मिळेना. ती गाडी बनवणं बंद होऊन जमाना झालेला. शेवटी भाऊजी भलत्याच गाडीची टाकी घेऊन आले. जुनीपेक्षा रुंद, पोट सुटलेल्या माणसासारखी गोलमटोल. फ्रेमवर ठेवली तर पुढून नीट बसली, पण मागून अधांतरी राहिली. फ्रेमच्या मुख्य नळीवर मागच्या बाजूला लोखंडी पट्टीचा एक कान उभा होता. जुन्या टाकीचं शेपूट त्या कानाला बोल्टने बांधलेलं असायचं. नव्या टाकीचा तळ त्याच कानावर आपटत होता, आणि तिचं स्वतःचं बोल्टचं भोक कानाच्या चांगलं दोन बोटं पुढे येत होतं.

“सोपं आहे,” भाऊजी म्हणाले. “हा कान मुळापासून उडवायचा आणि पुढे नवा लावायचा. त्याआधी तिथला रंग तेवढा खरवडायला हवा. वहिनी, तुमच्याएवढा धीर ह्या घरात कुणाला नाही.”

पॉलिशपेपर माझ्या हातात आला. मला हे काम आवडलं. हात चालत असतो आणि ओठांत नाम चालू ठेवता येतं. सकाळी उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत माझं मौन असतं, त्यावरून भाऊजी आल्यागेल्याला सांगत असतात, “वर्कशॉपमध्ये इतकी मशिनं आहेत, पण आवाज न करता चालणारं एकच, ते स्वयंपाकघरात आहे.” त्या दिवशी मात्र दुपार उलटली होती, बोलायला मोकळीक होती, म्हणून मी त्यांना हाक मारली.

“भाऊजी, हे बघा काय निघालंय.”

बाकीच्या फ्रेमवर मामंजींचे सांधे होते. वेल्डिंगची एकेक खवली कौलांसारखी नीट दुसरीवर बसलेली. पण कानाच्या बुडाशी रंग निघाला तसा खालून एक भलताच सांधा वर आला. मेणबत्ती विझताना मेण कसं ओघळून थिजतं, तसा. कुठे फुगलेला, कुठे बसका.

भाऊजी वाकले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाकले. “हा बाबांचा नाही.”

“मग तुमचा?”

“माझा? वहिनी, माझा सांधा केसभर सरकला तरी बाबा ग्राइंडर हातात द्यायचे. घास आणि परत कर! माझं निम्मं आयुष्य घासण्यात गेलंय. असला सांधा त्यांनी स्वतःच्या गाडीवर ठेवला असता?”

“बाहेरच्या कुणाचा असेल.”

“बाहेरच्याला ते ह्या गाडीवरची धूळसुद्धा झटकू द्यायचे नाहीत.” भाऊजींनी मान हलवली. “असो. कुणाचा का असेना, उद्या सकाळी उडवायचाच आहे.”

ते चहाला गेले. मी तिथेच बसून राहिले. मामंजींच्या सगळ्या सांध्यांत कौलं डावीकडून उजवीकडे चढत गेलेली. शेवटचं कौल उजव्या टोकाला. भाऊजींच्या कामातही तसंच असतं. ह्या वेड्यावाकड्या सांध्यात मात्र पहिलं कौल उजवीकडे होतं आणि शेवटचं डावीकडे. पलीकडे उभं राहून कुणी केला असेल म्हणावं, तर पलीकडे आडवी पट्टी. तिथून हात जाणंच शक्य नाही. म्हणजे माणूस इथेच, माझ्या जागी बसला होता, आणि तरी त्याचा हात उलटा चालला होता. मला काही उलगडेना.

संध्याकाळी हे घरी आले. हे म्हणजे भाऊजींचे थोरले भाऊ. पोस्टात असतात. जन्म ह्याच घरात, वेल्डिंगच्या ठिणग्यांत गेलेला; पण वर्कशॉपचा उंबरा मी आल्यापासून त्यांनी कधी ओलांडलेला पाहिला नाही. चहासुद्धा उंबऱ्याच्या अलीकडूनच हात लांब करून भाऊजींना देतात. “दादाचे हात पोस्टाचे, शिक्का मारण्यापुरते,” असं भाऊजी चिडवतात आणि हे हसून सोडून देतात. मला वाटायचं, तेलाच्या वासाचा तिटकारा असेल.

हे सफरचंद सोलत बसले होते. साल न तोडता उतरवायची त्यांची खोड आहे. मी सहज बघत होते, आणि एकदम लक्षात आलं, साल उलट्या बाजूने उतरतेय. सुरी डाव्या हातात. हे डावखुरे आहेत, हे का मला माहीत नव्हतं? पण माहीत असलेली गोष्ट दिसायलाही वेळ यावी लागते.

“अहो,” मी म्हटलं, “मामंजींच्या गाडीच्या टाकीखाली एक विचित्र सांधा निघालाय.”

सुरी थांबली. “कुठे?”

“मागच्या कानाच्या बुडाशी.”

“तिथला सांधा बाबांचा आहे. त्यांनी नव्याने केला होता.”

“तुम्हाला काय माहीत?”

साल तुटली. मग त्यांनी जे सांगितलं ते इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. कॉलेजात असताना तो कान तुटला होता. मामंजी कामाला बाहेर गेले होते. परत आल्यावर चकित करावं म्हणून ह्यांनी स्वतः तो जोडला. मामंजी आले, खाली बसले, बराच वेळ बघत राहिले. “हं. सकाळी बघतो,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी हे कॉलेजातून आले तर टाकी वर बसलेली होती.

“मला कळायचं ते कळलं,” हे म्हणाले. “घासून टाकून स्वतः केला असणार. वाकडं काम त्यांना रात्रभरसुद्धा सहन व्हायचं नाही. त्यानंतर मी त्या खोलीत गेलो नाही. ज्या हाताला जमत नाही, तो उगाच कशाला घालायचा?”

“टाकी काढून बघितलं नाहीत?”

“काय बघायचं होतं?”

“पण मी बघितला तो सांधा उलट्या हाताचा आहे.”

“मग आणखी कुणाचा असेल,” म्हणून हे उठले. सफरचंद तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जपाला बसले होते. पुढच्या खोलीतून ग्राइंडरचा आवाज आला, आधी थोडा, मग सलग. माळ हातात तशीच धरून मी धावले. भाऊजी डोळ्यांवर चष्मा चढवून वाकले होते. हाक मारायला तोंड उघडलंसुद्धा. पण जिभेआधी हात पोचला. मी त्या कानावर तळहात ठेवला.

“वहिनी!” भाऊजींनी झटकन बटण बंद केलं. “बोटं जातील की! काय झालं?”

मी सांध्याकडे बोट दाखवलं. मग डावा हात उचलून हवेत शिक्का मारला. एकदा, दोनदा.

“भांडं? ठोका? दार?” भाऊजी गोंधळले. “शिक्का? पोस्ट?” मग त्यांचं तोंड उघडंच राहिलं. ते माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिले, मग सांध्याकडे. “दादा!” असे ओरडले की सासूबाई जागच्या जागी दचकल्या.

हे अर्धी दाढी झालेली तशीच आले आणि उंबऱ्याशी थांबले.

“ये आत. उंबरा चावत नाही.”

हे आत आले. मी पाहिलं, पाय आधी उजवा की डावा टाकावा असा विचार करत असल्यासारखे आले. खाली बसले आणि त्या सांध्यावरून बोट फिरवलं. ओघळलेल्या टोकाशी बोट थांबलं.

“माझाच आहे,” हे म्हणाले. “इथे वेल्डिंगची कांडी चिकटली होती माझी.”

मी भाऊजींची बाही ओढली आणि सांध्याशेजारी, कानाच्या अंगावर दाखवलं. तिथे लोखंड जरासं दबलेलं होतं, गोल, एकावर एक. काल मला वाटलं होतं, गाडी कधी पडली असेल. आज तसं वाटेना.

भाऊजींनी खिळ्यावरची मामंजींची हातोडी काढली आणि तिचं तोंड त्या खळग्यात टेकवलं. चपखल बसलं.

“ठोकून बघितलाय बाबांनी,” भाऊजी हळूच म्हणाले. “ते असंच तपासायचे. कच्चा असला तर पहिल्या घावात सुटायचा. माझे सुटायचे ना, म्हणून घासायला लावायचे. तुझा सुटला नाही, दादा. म्हणून ठेवला.”

“मग सांगितलं का नाही?” ह्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांचा प्रश्न, आणि विचारायला समोर माणूस नाही.

“तू विचारलंस?” दारातून सासूबाई म्हणाल्या. “किती दिवस मला म्हणत होते, अजून आला नाही बघायला. मला वाटायचं, गाडी बघायला म्हणताहेत. मी म्हणायची, घरातच तर उभी आहे, येताजाता दिसते की त्याला! त्यावर गप्प बसायचे.”

ह्यांनी हातोडी घेऊन जमिनीवर ठेवली. मग म्हणाले, “उडव तू. आई आवाजासाठी थांबलीय. नवी टाकी बसायला हवी.”

“आता? आता मी नाही उडवणार,” भाऊजी म्हणाले आणि पुठ्ठा घेऊन जमिनीवर बसले. कापला, वाकवला, टाकीखाली धरला, पुन्हा कापला. दोघा भावांची डोकी एकमेकांना लागत होती. अखेर जमलं. कान मुळातून काढायचाच नाही. वरचा भाग, टाकीला लागतो तेवढाच, कापायचा; बूड आणि त्याचा सांधा तसाच ठेवायचा. त्या बुडाला एक जाड पट्टी जोडून ती दोन बोटं पुढे न्यायची. नव्या टाकीचा भार जुन्याच सांध्यावर येणार.

वरचा तुकडा भाऊजींनी कापला. पट्टी कापून भोक पाडलं. आणि वेल्डिंगचा मुखवटा ह्यांच्या हातात दिला.

“मी? वेडा आहेस का?”

“बाबांनी पास केलेलं काम आहे. त्याला मी हात लावणार नाही. मला अजून घासायची हौस नाही.”

आधी भंगाराच्या पत्र्यावर सराव झाला. कांडी चिकटली, ह्यांनी हिसका दिला, अख्खा पत्राच वर उचलला गेला. “पोस्टात पाठवायचाय का?” भाऊजींनी विचारलं. हळूहळू हात बसला. मग फ्रेमवर. मी पाठ फिरवून उभी राहिले. भिंतीवर निळा उजेड नाचत होता. जेवणाची वेळ होऊन गेली, माझं मौन कधीच सुटलं होतं, पण बोलावंसं वाटलं नाही.

उजेड थांबला. ह्यांनी मुखवटा वर केला. अर्ध्या दाढीवर घाम. सांधा गार होईपर्यंत कुणी हललं नाही. मग ह्यांनी भाऊजींकडे पाहिलं.

“कसा झालाय?” हे म्हणाले.

“दिसायला? पहिल्यापेक्षा वाईट.”

“आणि?”

भाऊजींनी हातोडी उचलून त्यांच्यापुढे धरली. ह्यांनी मान हलवली. “तू मार. मी बघतो.”

भाऊजींनी हात राखला नाही. पहिला घाव, मग दुसरा, तिसरा. पट्टीवर गोल खळगा उमटला. सांधा होता तिथेच होता.

“धरून आहे,” भाऊजी म्हणाले.

“अगं बाई, हाच तो आवाज,” सासूबाई दारातल्या खुर्चीत पुढे सरकल्या. “तेव्हा, टाकी चढली त्या सकाळी, असाच आला होता. मला वाटलं, रागाने काही तोडताहेत.”

हे नवी टाकी उचलायला वाकले, आणि भाऊजींना म्हणाले, “तू उजवीकडून धर.”