खंडूनं ताट पुढे सरकवलं

मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर मैत्रीच्या वर्गातल्या मुली पांगल्या. पूनम हिंजवडीत नोकरभरतीचे फोन करते. वर्षाली बी.एड. करून शाळेत लागली. निशिगंधा बँकेच्या परीक्षा देते. विषयातलं काम मिळालं ते एकट्या मैत्रीला: चाकणला, गाड्यांसाठी पत्र्याचे भाग बनवणाऱ्या कंपनीत समुपदेशक. जागा सुचवली होती आकुर्डीच्या कॉलेजातल्या तेजस्विनी मॅडमनी. मैत्री त्यांची आवडती विद्यार्थिनी.

रहाटणीच्या घरी, पिंपरीत जन्मभर शिफ्ट केलेल्या वडिलांनी विचारलं, “कंपनी आता बोलायचाही पगार देते?”

“ऐकायचा,” मैत्री म्हणाली.

रुजू होताना तिने एकच अट घातली. खोलीत बोललेलं खोलीतच राहील. एचआरप्रमुख रणजीत सरांनी ती सकाळच्या शिफ्टसमोर स्वतः जाहीर केली. तरी कोणी फिरकेना. कँटीनच्या रांगेत सनी नावाचा ऑपरेटर मुद्दाम मोठ्याने म्हणायचा, “भावा, लई ओव्हरटाइम करू नको. मॅडमच्या खोलीत जावं लागंल.”

खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यातली यंत्रं धुऊनपुसून त्यांना झेंडूचे हार घालतात. ज्याचं यंत्र, त्याच्याच हाताने हळदकुंकू. ताट फिरत फिरत पत्रा दाबणाऱ्या मोठ्या प्रेसवरच्या खंडूकडे आलं. खंडू जवळच्याच गावचा, अजून परमनंट न झालेला. त्याने ताट तसंच सनीकडे सरकवलं.

“तू लाव.”

“का रे, मशिनीशी भांडण झालं का?” नारळ घेऊन उभ्या असलेल्या रणजीत सरांनी विचारलं. सगळे हसले.

“हात तेलकट हाईत, सर.”

हात स्वच्छ होते, हे मैत्रीने पाहिलं.

तिने आठवडाभर त्याला काही विचारलं नाही, फक्त कँटीनमध्ये त्याच्या टेबलावर बसायला लागली. मग तो आपणहून खोलीत आला.

“शेजारच्या प्रेसवर एका पोराची बोटं गेली, तवा मी तितंच व्हतो,” तो म्हणाला. “आता माजी प्रेस खाली आली की डोळं मिटत्यात. मिटू न्हाई म्हणलं तरी मिटत्यात.”

“काही दिवस पॅकिंगला बदली मागूया?”

“पॅकिंगवाल्याला कोण परमनंट करतंय, मॅडम? दिवाळीनंतर माजा नंबर हाय. तवर कुणाला बोलू नका.”

“नाही बोलणार.”

दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय ती प्रेस खाली येत नाही, म्हणजे डोळे मिटले तरी हात बाहेरच राहतात, याची तिने खात्री करून घेतली. मग उपचार सुरू केले. आधी बंद प्रेससमोर नुसतं उभं राहायचं, मग चालू प्रेसपासून लांब, मग जवळ. पण आपण बरोबर करतोय ना, ही धाकधूक होतीच. अशा वेळी केस वरिष्ठांपुढे मांडायची, ही या कामाची रीत. ती तेजस्विनी मॅडमकडे गेली. नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही, विभागही नाही. ताटाची गोष्ट मात्र सांगितली. भीती पहिल्यांदा तिथे दिसली होती, आणि ती आपल्याला दिसली याचा तिला थोडा अभिमानही होता.

“सुंदर निरीक्षण,” मॅडम म्हणाल्या. “हे शिकवून येत नाही.”

मैत्री तरंगत घरी आली.

दिवाळीनंतर परमनंटच्या यादीत बाकीच्यांची नावं लागली. खंडूला गेटवरच सांगण्यात आलं की तू मनाने प्रेसवर उभा राहण्याजोगा नाहीस, येऊ नकोस. तो पास परत द्यायला आत आला तेव्हा मैत्रीच्या दारात थांबला. खोलीत आला नाही.

“बायकोला बी सांगितलं नव्हतं म्या.”

“खंडू, मी रणजीत सरांना एक शब्द—”

“मग काय भिंती बोलल्या?”

तिने रणजीत सरांना गाठलं. “तुमच्या खोलीतून मी काहीही घेतलेलं नाही,” ते शांतपणे म्हणाले. “माझा शब्द मी पाळलाय.”

डिसेंबरात कॉलेजने पदवीच्या मुलांसाठी ‘मानसशास्त्रानंतर काय?’ असा कार्यक्रम ठेवला. पाहुणे म्हणून रणजीत सर होते, आणि यशस्वी माजी विद्यार्थिनी म्हणून मैत्री. तेजस्विनी मॅडम आधी बोलल्या. दवाखाना, शाळा, खेळ, न्यायालय, जाहिरात करत त्या उद्योगांवर आल्या. “मी स्वतः सरांच्या कंपनीची सल्लागार आहे,” त्या म्हणाल्या. “तिथलंच उदाहरण देते. पूजेच्या दिवशी एका कामगाराने ताट पुढे सरकवलं. आमच्या समुपदेशकाने ते हेरलं. मी सरांना एवढंच विचारलं, ताट कोणी सरकवलं होतं? पुढचा अपघात टळला. ही आपल्या विषयाची ताकद.”

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मॅडमनी कौतुकाने मैत्रीकडे पाहिलं आणि माइक तिच्या हातात दिला.

“ती गोष्ट माझ्या खोलीतली होती,” मैत्री म्हणाली. “मी ती मॅडमना मदत मागायला सांगितली. मॅडम कंपनीच्या सल्लागार आहेत, हे मला आत्ता, तुमच्याबरोबरच कळलं.”

पुढच्या रांगेतल्या मुलीने लिहिणं थांबवलं.

“मैत्री, बाळा, भावनेच्या भरात बोलू नकोस,” मॅडम हसून म्हणाल्या. “तुझ्याच कामाचं कौतुक चाललंय.”

मैत्रीने माइक टेबलावर ठेवला आणि ती बाहेर पडली. तिथून बस पकडून तिने थेट खंडूचं गाव गाठलं.

तो चुलत्याचा टेम्पो धूत होता. तिने सगळं सांगितलं: मॅडम, केस मांडायची रीत, सभागृह. पाइप चालूच ठेवून त्याने ऐकून घेतलं.

“म्हंजी नाव न्हाई सांगितलं तुमी.”

“नाही.”

“आन् ताट?”

“ताट सांगितलं.”

खंडूने पाण्याची धार पुन्हा टायरवर धरली.

“मग नाव कशाला लागतंय, मॅडम?”