चार नंबरचा आरसा

"थांबव, थांबव! ही खोटी आहे!" बाबा ओरडले आणि मी रिमोट दाबला. पडद्यावर नायिका स्ट्रेचरवर शेवटचे श्वास मोजत होती, आणि आमचे बाबा खुर्चीतून पुढे वाकून ॲम्ब्युलन्सच्या तळाकडे बोट दाखवत होते.

"स्ट्रेचरचे रूळ कुठे आहेत खाली? सिलिंडरला पट्टा नाही. पहिल्याच वळणावर तो हिच्या डोक्यात जाईल. भाजीच्या टेम्पोला लाल पट्टे मारलेत लेकाच्यांनी."

"बाबा, तिचा जीव चाललाय. निदान मरू तरी द्या तिला धड."

"असल्या गाडीत मरणारच की!"

एकतीस वर्षं बाबांनी ॲम्ब्युलन्स चालवली. निवृत्त झाल्यापासून आमच्या रविवारच्या दुपारी अशाच जायच्या. त्यांची एक वही होती. तिच्यात सिनेमाचं नाव, गाडी आणि 'खरी' किंवा 'खोटी'. पडद्यावरच्या ड्रायव्हरनं वळून पेशंटकडे पाहिलं की ते हमखास खेकसायचे, "खोटं! खरा ड्रायव्हर मागे बघत नाही."

हा त्यांचा नियम होता. मागे बघितलं की हात थरथरतो, म्हणायचे. बाकीचे ड्रायव्हर केबिनमधला आरसा नुसता फिरवून ठेवायचे. बाबांनी तो छताकडे वळवून तारेनं आवळून टाकला होता.

मी त्यांची भरपूर चेष्टा करायचे, पण ते काय शोधताहेत ते मला ठाऊक होतं. ते त्यांची चार नंबरची गाडी शोधत होते. लिलावात ती शूटिंगला गाड्या पुरवणाऱ्या एका माणसानं घेतली, असं गॅरेजच्या मेकॅनिकनं सांगितलं, त्या दिवसापासून त्यांनी एक सिनेमा सोडला नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी आईला हॉस्पिटलमध्ये चार नंबरमधूनच नेलं होतं. त्या सकाळी ड्यूटी बाबांचीच होती. आडवं झालं की आईला धाप लागायची, म्हणून बाबांनीच तिला मागच्या बाकावर कोपऱ्यात टेकवून बसवलं, मला शेजारी बसवलं आणि दार लावलं. वीस मिनिटांचा रस्ता होता. हॉस्पिटलच्या दारात त्यांनी मागचं दार उघडलं तेव्हा आईचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि ती गेलेली होती.

त्या रविवारी दुसरा सिनेमा लावला. अर्ध्या तासानं त्यात ॲम्ब्युलन्स आली. कॅमेरा गाडीच्या आत होता आणि मधल्या खिडकीतून पुढची केबिन दिसत होती.

"थांबव," बाबा म्हणाले. या वेळी ओरडले नाहीत.

ते उठले आणि टीव्हीपाशी गेले. पडद्यावरच्या आरशावर त्यांनी बोट ठेवलं. "माझी तार. दोन पीळ आणि टोक आत वळवलेलं. कुणी सोडवलीसुद्धा नाही बघ."

मला वाटलं, आता खूश होतील, वही मागतील. ते तसेच उभे राहिले.

"कॅमेरा कुठे ठेवलाय गं हा? बाकावर ना? कोपऱ्यात?"

"हो."

"तिथे ती बसली होती." बोट आरशावरच होतं. "तिथून आरशात नुसतं छतच दिसतं."

मी रिमोट मांडीवर ठेवला.

"तू होतीस तिच्याजवळ. कुठे बघत होती ती?"

अकरा वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं, आणि मी अकरा वर्षं या प्रश्नाला घाबरून होते. आई त्या आरशाकडे बघत होती. सगळा वेळ. दोनदा म्हणाली, "ह्यांना सांग ना, एकदा वळून बघा म्हणावं." मधल्या खिडकीच्या काचेवर टकटक करायला मी हात उचललाही होता. पण नियम मलाही लहानपणापासून पाठ होता. त्यांचा हात थरथरला तर, असं वाटलं आणि मी हात खाली घेतला. तेवढं मला आजही माफ करता येत नाही.

"डोळे मिटले होते तिचे, बाबा," मी म्हटलं. "झोपल्यासारखीच होती."

त्यांनी मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही. खुर्चीत येऊन बसले, वही मांडीवर घेतली आणि पेनचं टोपण काढलं. बराच वेळ कोऱ्या ओळीकडे बघत राहिले. मग टोपण परत लावलं.

"चालू कर."

मी रिमोट दाबला. सायरन सुरू झाला. पडद्यावरच्या ड्रायव्हरनं गाडी वळणातून काढली, मान मागे वळवली आणि खिडकीतून आत पाहिलं. मी बाबांच्या खेकसण्याची वाट पाहत होते.

"बघ," ते त्या नटाला हळूच म्हणाले. "बघून घे रे बाबा."