आवाज बंद करून पाहिलेलं गाणं

मी टीव्ही आवाज बंद करून बघतो. यात नखरा काही नाही. भिवंडीत नारपोलीच्या एका कारखान्यात अडतीस वर्षं जॉबर आहे, म्हणजे बिघडलेले लूम, कापड विणणारे यंत्रमाग, ताळ्यावर आणणारा माणूस. पन्नास लूमच्या खडखडाटात कान कधी गेले ते कळलंही नाही. आता जाड आवाज थोडेफार येतात, बारीक आवाज अजिबात नाही. पण त्याच खडखडाटाने एक विद्याही दिली. कारखान्यात ओरडून उपयोग नसतो, म्हणून आम्ही ओठांनी बोलतो. आवाज न काढता, तोंड मोठं करून, एकेक शब्द सुटा. चार लूम पलीकडचा महमूद मला सासऱ्याची गाऱ्हाणी अशीच सांगायचा आणि मध्ये उभ्या असलेल्या मालकाला पत्ता लागायचा नाही.

अशा माणसाला रिॲलिटी शो दाखवू नये. गाण्याच्या कार्यक्रमात परीक्षकबाई डोळ्यांना रुमाल लावतात, इकडे माझी बायको कमळ पदर लावते, आणि बाईंचे ओठ म्हणत असतात, "एसी वाढवा जरा." पिवळ्या साडीतली एक प्रेक्षकबाई तर तीन आठवडे त्याच खुर्चीत तोच अश्रू पुसताना मी पाहिली आहे. हे सगळं मी कमळला सांगत बसायचो. ती वैतागून म्हणायची, "आवं, मना रडू द्या की सुखानं!"

मग आमची करिष्मा, माझ्या मुलाची मुलगी, त्याच कार्यक्रमात निवडली गेली.

खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. सात वर्षं दर रविवारी मीच तिला स्कूटरवर मागे बसवून ठाण्याला गुरुजींकडे नेत होतो. कशेळीच्या पुलावर ट्रकांच्या रांगेत किती तास गेले त्याचा हिशेब नाही. ती आत गायची, मी बाहेर पायरीवर बसायचो. सूर लागला की नाही, हे ती बाहेर आली की तिच्या तोंडावर दिसायचं. तिच्या वरच्या सुराचं सगळे कौतुक करतात. तो सूर मी आजवर ऐकलेला नाही. याचं वाईट वाटतं, पण ते मी कुणाला सांगत नाही.

ओठांची बोली तिलाही येते. शाळेत असताना दुपारी माझा डबा घेऊन ती कारखान्याच्या दारात उभी राहायची आणि लांबूनच ओठांनी विचारायची, "आजा, जेवलास का?" डबा तिच्याच हातात, मी जेवणार कुठून? मी ओठांनीच सांगायचो, "न्हाय गं, तुझी वाट बघतो." रोजची गंमत होती ती आमची. तिला हसू फुटायचं आणि मला भूक लागायची.

तर निवड झाल्यावर कार्यक्रमाची माणसं शूटिंगला नारपोलीत आमच्या कारखान्यात आली. टोपी घातलेली एक मुलगी सगळ्यांना हुकूम सोडत होती. माझी हकिगत तिने ऐकली, पण तिला ती पसंत पडली नाही. स्कूटर, पायरी, पूल, यात म्हणे "स्ट्रगल" नाही. तिने मला बंद लूमपाशी डोक्याला हात लावून बसायला सांगितलं. मी म्हटलं, "कनाला बसू? माझं डोकं न्हाय दुखत." आधीच माझा पारा चढलेला, त्यात त्यांच्या एका कॅमेरावाल्याने कुणाला न विचारता बाजूच्या लूमचा दांडा ओढला. तो लूम मी दुरुस्तीला उघडा ठेवला होता. लूम सुरू झाला. अशा वेळी आतला धोटा, सूत घेऊन पळणारा टोकदार लाकडी ठोकळा, बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर उडतो. आमच्यातल्या एकाचा डोळा असाच गेला आहे. मी हात वर करून जीव खाऊन ओरडलो, "बंद कर! बंद कर ते!"

पुढच्या रविवारी कार्यक्रमात काय दिसलं असेल? लहानपणीच्या व्हिडिओत फ्रॉक घालून गाणारी करिष्मा, आणि लगेच हात उगारून ओरडणारा मी. "बंद कर! बंद कर ते!" खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "आजोबांचा विरोध." मागे वीज चमकल्याचं चित्र. पिवळ्या साडीवाल्या बाईंनी पुन्हा तोच अश्रू पुसला.

दुसऱ्या दिवसापासून मी गावाचा खलनायक झालो. टपरीवर चहा प्यायला गेलो, तर लूमवरची पोरं मला बघून गाणं गुणगुणायची आणि एकदम दचकून गप्प व्हायची. एकाने विचारलं, "क्या केसरीनाथ चाचा, बच्ची को गाने क्यों नहीं देते थे?" मी दोघांना शिव्या घातल्या, तिसऱ्याला समजावलं. कुणाकुणाला समजावणार? टीव्हीवर दिसलं म्हणजे झालंच.

लोकांचं मी मनावर घेतलं नसतं. मला पोखरत होतं ते वेगळंच. करिष्माला हे दाखवून, विचारून केलं असेल का? ती हो म्हणाली असेल का? मतांसाठी पोरं काय काय कबूल करतात ते मी वर्षानुवर्षं बघत आलो होतो. तिला ठेवलं होतं हॉटेलात, फोन काढून घेतलेला. विचारायची सोय नव्हती. ताटावर बसायचो आणि दोन घासांत उठायचो. कमळ म्हणाली, "पोर तशी न्हाय." मी म्हटलं, "टीव्ही तसा हाय." आठवडाभर आमच्या घरात एवढंच बोलणं झालं.

रविवार आला. महमूद मुद्दाम घरी येऊन बसला. त्याचेही कान माझ्यासारखेच, पण कमळला ऐकू यावं म्हणून त्या दिवशी आवाज चालू ठेवला होता. करिष्मा गायली. तिचा गळा ताणलेला दिसला, डोळे मिटलेले दिसले, कमळच्या अंगावर काटा आलेला दिसला. वरचा सूर लागला, एवढं मला कळलं.

मग परीक्षकबाई काहीतरी बोलल्या. कमळने मला हातवारे करून सांगितलं, त्या विचारतायत, आजोबांना माफ केलंस का?

करिष्मा माइकपाशी आली, तिचे ओठ हलले, पण तेवढ्यात कॅमेरा पिवळ्या साडीकडे वळला. कमळ म्हणाली, "काय बोलली ते दाखवलंच न्हाय, नुसतं पेटी-व्हायोलिन लावलं." पुन्हा करिष्मा दिसली. डोळे पाण्याने भरलेले. वाद्यांचा गदारोळ चालू होता, लोक टाळ्या वाजवत होते. तिने माइक बाजूला धरला, थेट कॅमेऱ्यात पाहिलं आणि आवाज न काढता, तोंड मोठं करून, एकेक शब्द सुटा असं बोलली:

"खोटं हाय हे. माझा आजा मना गाण्याला न्यायचा." मग जरा थांबली. "आजा, जेवलास का?"

अख्ख्या देशाला वाटलं असेल, पोर रडू आवरतेय. कार्यक्रमवाल्यांनाही तेच वाटलं असणार, नाहीतर कापलं असतं.

"काय गं बोलली ती? काय बोलली?" कमळ माझा दंड हलवत होती. महमूदने डोळे पुसत तिला शब्दन् शब्द सांगितला आणि म्हणाला, "भाभी, आज भिवंडीत कोनाला आवाजाची गरज नव्हती."

खरंच नव्हती. पाच मिनिटांत दार वाजलं. टपरीवरच्या टीव्हीसमोरून उठून दहा-बारा लूमवाले आले होते, आठवडाभर मला पिडणारे तेच. पुढच्याने कान पकडले. "चाचा, माफ करना. हम सबने पढ़ लिया." जे आम्ही ओळखलं ते मुंबईतल्या सगळ्या शहाण्यांना ओळखता आलं नव्हतं. त्या खडखडाटाने माझे कान नेले म्हणून मी जन्मभर त्याला शिव्या घातल्या. त्या संध्याकाळी मी त्याचे मनापासून आभार मानले. माझ्या पोरीचा वरचा सूर त्याने माझ्यापासून तोडला, पण हे वाक्य मात्र माझ्यापर्यंत पोचवलं. आणि खोटं का होईना, त्या टीव्हीच्या डब्याने तिचं तोंड मला एवढं मोठं करून दाखवलं, त्याचेही आभार. पिवळ्या साडीवाल्या बाईंचेसुद्धा.

सगळ्यांना चहा देऊन कमळ आत गेली आणि ताट घेऊन आली. टीव्हीवर आता दुसराच कुणी गात होता. तरी मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि आवाज न काढता, तोंड मोठं करून बोललो, "न्हाय गं, तुझी वाट बघत होतो."

मग बसलो आणि पोटभर जेवलो.