अनंताची कात्री

मी एक जुनी, गंजलेली कात्री आहे. शिंप्याच्या हातातली नाजूक कात्री नव्हे, मित्रांनो. मी झाडं छाटते. कापडे गावात बनुबाईंच्या पडवीत एका खिळ्याला मी वर्षानुवर्षं लटकलेली होते. माझं बोलणं जरा धारेचं आहे, पण खोटं नाही.

मला कुशाबांनी महाडच्या बाजारातून आणलं. ते मुंबईत एका सोसायटीत माळी होते. निवृत्त होऊन गावी परतले आणि दारात अनंताचं झुडूप लावलं. बारा महिने हिरवंगार आणि मृगाच्या सुमारास पांढऱ्या फुलांनी भरलेलं! फुलं गळू लागली की ते मला तेल पाजत आणि वाढलेले शेंडे छाटत. "फुलं गळली की लगेच कापायचं. मंग हात लावायचा नाय," असं ते बनुबाईंना, म्हणजे आपल्या कारभारणीला, दरवर्षी सांगत. पहिलं फूल तिच्या अंबाड्यात जाई. गावकरी झाडाचं कौतुक करत आणि कुशाबा माझं. मी अगदी फुशारून जाई.

मग कुशाबा गेले. बनुबाईंनी फूल माळणं सोडलं. पहिलं फूल आता कुशाबांच्या फोटोला वाहायचं, एवढीच त्यांची इच्छा राहिली.

त्यांचा मुलगा महिपत मुंबईत असतो. घरी येतो तो शिमग्याला आणि गणपतीला. शिमग्याला ग्रामदेवाची पालखी दारी येते, म्हणून अंगण चकाचक हवं. तो मला घेऊन अनंत सपासप कापायचा. तेव्हा टोकाटोकाला बारीक कळ्या धरलेल्या असत. त्या माझ्याच पात्यांत चिरडल्या जात आणि मला ओरडता येत नसे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

तीन वर्षं एकही फूल आलं नाही. शेवटी बनुबाई फोनवर म्हणाल्या, "शिमग्याला येशील तवा मुळासकट काढून टाक रे. रिकामं झाड बघवत नाय मला."

महिपत आला. आधी फांद्या उतरवायला त्याने मला उचललं. पण वर्षभर तेलाचा थेंब नव्हता. माझी पाती हलेनात. इतक्यात पालखीचा ढोल जवळ आला. "पुढल्या खेपेला बघू," म्हणत त्याने मला खिळ्याला टांगलं. गंजाचे उपकार मानणारी मी पहिलीच कात्री असेन.

मृगात अनंत फुलला. बनुबाईंनी पहिलं फूल फोटोला वाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. यंदा शिमग्याला कापलं नाही, म्हणूनच फुललं! कुशाबांचं बोलणं त्यांना तेव्हा आठवलं. फुलं गळू लागताच त्यांनी मुलाला फोन लावला.

"आता ये रे, अनंत कापाय. हीच वेळ हाय."

"आये, आता सुट्टी नाय गो. गणपतीला येतो ना."

"गणपतीपर्यंत उशीर होतो रे बाबा."

बनुबाईंनी फोन ठेवला. त्यांनी मला खोबरेल लावलं आणि दोन्ही हातांनी दाबलं. एक शेंडा कसाबसा तुटला, मग त्या पायरीवर बसून राहिल्या. आम्ही दोघीही फार एकट्या आहोत, मित्रांनो.

अवजाराला तेल घाला, हे तर मी सांगेनच. पण झाडाची वेळ सुट्टी बघून येत नाही, आणि वाट बघणाऱ्या माणसाचीही नाही. जमेल तेव्हा जाऊ नका. त्यांची वेळ असेल तेव्हा जा. त्या दिवसापासून बनुबाई मला खिळ्याला टांगत नाहीत. रोज तेल लावून उंबऱ्याशी ठेवतात, मूठ रस्त्याकडे करून.